आईबाबांना रेडवूड दाखवायचीत: म्युअर वूड्स की हम्बोल्ट?

मे-जून आला की बे एरियातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न पडतोच. आईबाबा आलेत, ती उंच झाडं दाखवायचीत, कुठे नेऊ? खाली धडाधड उत्तरं, बहुतेक सगळी सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वूड्स, एखादा म्हणतो सेकोयाला जा, आणि कोणीतरी एक जण उत्तरेकडचं हम्बोल्ट रेडवूड्स पार्क म्हणतो, त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. तो एक जण बऱ्याचदा मीच असतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

सेकोया आधी बाजूला काढतो, कारण ते झाडच वेगळं. ते सिएरा नेवाडाच्या डोंगरात, जाडीला राक्षस, जनरल शर्मन तर घनफळाने जगातलं सगळ्यात मोठं झाड, उंची २७५ फूट आणि तळाशी बुंध्याचा व्यास ३६ फुटांच्या वर. बघावं नक्की, पण पासष्टी-सत्तरीच्या मंडळींना नेताना एक लक्षात घ्या, तिथे आपण साधारण ७,००० फुटांवर असतो आणि मुख्य पार्किंगपासून झाडापर्यंत अर्धा मैल उतार नि पायऱ्या आहेत. जाताना सगळे मजेत जातात, परत चढताना बाबा गप्प होतात. दिव्यांगांचं प्लॅकार्ड असेल तर झाडाच्या जवळ वेगळं पार्किंग मिळतं, पण पाहुण्यांकडे ते कुठून असणार.

म्हणजे खरी निवड किनाऱ्याकडच्या रेडवूडमधली. ही अंगाने सेकोयापेक्षा सडसडीत, पण उंचीत जगात यांच्यापुढे कोणी नाही.

म्युअर वूड्सची बाजू आधी, आणि मनापासून सांगतो, बाजू भक्कम आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ओलांडला की पाऊण-एक तासात पोचता. आत लाकडी फळ्यांची आणि डांबरी वाट, जवळपास सपाट, व्हीलचेअर आरामात जाते, ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी याहून सोपं काही मिळणार नाही. बाजूने रेडवूड क्रीक वाहते, सुरुवातीलाच कॅफे आहे, स्वच्छतागृहं आहेत. बाबा लोकांना पाट्या वाचायला आवडतात, तर इतिहासही मस्त आहे. विल्यम केंट नावाच्या माणसाने ही जमीन विकत घेऊन ठेवली होती, मग पाणी कंपनीने त्या ओढ्यावर धरण बांधायचा घाट घातला तेव्हा त्याने जंगलच सरकारला देऊन टाकलं, आणि १९०८ साली थिओडोर रूझवेल्टने राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्याला नाव केंटचं द्यायचं चाललं होतं, त्याने सांगितलं, निसर्गप्रेमी लेखक जॉन म्युअरचं द्या. पुढे १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेले प्रतिनिधी इथल्या कॅथीड्रल ग्रोव्हमध्ये नुकत्याच वारलेल्या राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टला श्रद्धांजली वाहायला आले होते. हे सगळं अर्ध्या दिवसात बघून संध्याकाळी घरी येऊन वरणभात खाता येतो.

मग माझं घोडं अडलं कुठे? पार्किंगच्या स्लॉटपाशी.

२०१८ पासून तिथे पार्किंगचं किंवा शटलचं रिझर्वेशन आधी करावं लागतं. नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, त्याआधी त्या रस्त्याच्या कडेला लांबच लांब गाड्या लागायच्या, झाडांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. एकदा आत गेलात की कितीही वेळ थांबा, कोणी हाकलत नाही. पण पोचायला अर्ध्या तासाची खिडकी असते, आणि ती खिडकी गाठायची म्हणजे काय हे ज्याने घरातली सहा माणसं शनिवारी सकाळी बाहेर काढलीयत त्यालाच कळेल. लग्नाचं वऱ्हाड काढल्यासारखं असतं ते. आईची पूजा व्हायचीय, बाबांना दुसरा चहा हवाय, पोराचा एक बूट सापडत नाहीये, बायको म्हणते पुऱ्या तळून होईपर्यंत थांबा, आणि मी दारात किल्ली घेऊन उभा, तोंडाने फक्त चला चला चला. मग पुलावर शनिवारचं ट्रॅफिक. मग शेवटचा घाटरस्ता, इतका वळणावळणाचा की मागे आईने डोळे मिटून आवळासुपारी तोंडात धरलेली आणि मी घड्याळाकडे बघत वळणं मारतोय. जंगलात पोचेपर्यंत सगळे माझ्यावर वैतागलेले आणि मी सगळ्यांवर. एवढ्या शांत जागी यायचं आणि पहिला अर्धा तास एकमेकांशी न बोलता चालायचं, याला काय अर्थ आहे?

त्यात तिथे मोबाइलला सिग्नल नाही. रिझर्वेशन आधीच डाउनलोड करून न्या, आणि येताना उबर बोलावू असा विचार असेल तर तो सोडून द्या.

तुमची मंडळी वेळेची पक्की असतील तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. असतात अशी घरं, ऐकून आहे मी.

आता हम्बोल्ट. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे १०१ धरून उत्तरेला निघायचं, गार्बरव्हिलपर्यंत साधारण २०० मैल, थांबत थांबत पाच तास धरा. म्हणजे मुक्काम आलाच, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा तोटा, एका दिवसात करायच्या भानगडीत पडू नका. गार्बरव्हिलच्या थोडं पुढे १०१ ला लागूनच जुना हायवे सुटतो, ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स, ३१ मैल, ईल नदीच्या दक्षिण फाट्याच्या काठाकाठाने. दोन्ही बाजूंना रेडवूड अगदी रस्त्याला खेटून. तिकीट नाही, गेट नाही, स्लॉट नाही. जिथे वाटेल तिथे कडेला गाडी लावायची आणि उतरायचं. आई म्हणाली इथे थांब, की थांबायचं. एवढंच.

फाउंडर्स ग्रोव्ह चुकवू नका. अर्ध्या मैलाचा सपाट मातीचा फेरा आहे, म्युअर वूड्सइतका गुळगुळीत नाही पण काठी घेऊन चालणाऱ्यालाही जमतो. तिथे डायरव्हिल जायंट आडवा पडलाय. १९९१ च्या मार्चमध्ये पडला, उंची ३६० फुटांच्या वर होती. उभ्या झाडाची उंची खालून कळतच नाही हो, मान दुखते आणि फोटोत नुसता बुंधा येतो, पण हे पडलेलं झाड या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं की ३६० फूट म्हणजे काय ते पायांना समजतं. बाबा पूर्ण लांबी चालले, मग उलटे फिरून पुन्हा चालले. मुळांचा उपटलेला गड्डा तर उभ्या माणसाच्या कितीतरी वर जातो. एवढ्या झाडाला खोल सोटमूळ नसतं, मुळं जेमतेम सहा ते बारा फूट खाली जातात पण आडवी लांबवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात, हे तिथे उघड्यावर बघायला मिळतं.

जवळच मॅटोल रोडवर वळलात की रॉकफेलर फॉरेस्ट, रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचा आहे, सावकाश चालवा. सुमारे १०,००० एकर, आणि एवढं सलग जुनं, कधीच न तोडलेलं किनारी रेडवूडचं जंगल जगात दुसरीकडे उरलेलं नाही. मुळात होतं त्यातलं पाच टक्क्यांच्या आसपासच जुनं जंगल आता शिल्लक आहे. १९१८ साली सेव्ह द रेडवूड्स लीग निघाली आणि त्यांनी वर्गण्या गोळा करून एकेक ग्रोव्ह विकत घ्यायला सुरुवात केली, त्यातले मोठे पैसे रॉकफेलर ज्युनिअरने दिले म्हणून हे नाव. म्युअर वूड्समधलं सगळ्यात उंच झाड २५८ फुटांच्या आसपास, इकडे ३०० च्या वरची झाडं येताजाता दिसतात. फूटपट्टी घेऊन मी काही गेलो नव्हतो, पण फरक जाणवतो, निदान मला तरी जाणवला.

वीऑट गावात १९६४ च्या पुराची खूण लावलेली आहे, नदीचं पाणी कुठवर चढलं होतं ते बघायला मान वर करावी लागते. पानशेतचा पूर पाहिलेले बाबा सोबत असतील तर तिथे अर्धा तास जास्तीचा धरा.

अडचणीही सांगतो. सिग्नल इकडेही येतो-जातो, तेव्हा नकाशा ऑफलाइन ठेवा. शाकाहारी असाल तर जेवणाचे पर्याय फार नाहीत, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं बरोबर घ्या. पेट्रोल महाग, खालीच टाकी भरून घ्या. रस्ता लेगेटच्या आसपास बराच वळणाचा आहे, म्हणजे आवळासुपारी इथेही लागेलच, फक्त घाई नसल्यामुळे मी वळणं हळू घेतो आणि आईला तेवढा त्रास होत नाही.

आणि हो, गाडी झाडातून जाते तो फोटो. भारतातले नातेवाईक तोच मागतात. योसेमिटीतलं ते प्रसिद्ध झाड १९६९ मध्येच पडलं. आता लेगेटचं शँडेलियर ट्री आहे, मायर्स फ्लॅटला एक आहे, दोन्ही खासगी, पैसे देऊन. शँडेलियरचं भोक सहा फूट रुंद, मिनीव्हॅन घेऊन गेलात तर बाहेर उभं राहूनच फोटो काढा. जिवंत झाडाला भोक पाडून त्यातून गाडी नेणं मला तितकंसं रुचत नाही, पण पोरांना मजा वाटते, त्यामुळे मी तिथे वाद घालत नाही.

ज्यांच्याकडे खरंच एकच दिवस आहे आणि स्लॉट पण नकोय, त्यांनी सांताक्रूझजवळ फेल्टनला हेन्री काउवेल बघा. मैलाच्या आतला सपाट फेरा, जुनी झाडं, आणि शेजारीच रोअरिंग कॅम्पची वाफेची गाडी. मला विचाराल तर लहान मुलं आणि आजीआजोबा एकत्र असतील तर म्युअर वूड्सच्या आधी मी हेच सांगेन. शेजारचं बिग बेसिन २०२० च्या आगीत खूप होरपळलं, तिकडे जायचं तर आधी काय उघडं आहे ते तपासा.

दोन रात्री हाताशी असतील तर हम्बोल्टहून पुढे दीडेक तासावर ऑरिक, तिथून रेडवूड नॅशनल पार्क सुरू होतं. एल्क हरणांचे कळप रस्त्याकडेला चरताना दिसतात, फर्न कॅन्यन आहे पण त्याला १५ मे ते १५ सप्टेंबर परमिट लागतं, म्हणजे पुन्हा तेच झंझट. हायपेरियन, जगातलं सगळ्यात उंच झाड, शोधायला जाऊ नका, २०२२ पासून त्याचा परिसर बंद आहे आणि दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो.

म्हणजे आईबाबांचा व्हिसा सहा महिन्यांचा असेल तर मे-जूनची घाई सोडा आणि सप्टेंबरमधले मधल्या वारचे दोन दिवस काढा, शाळा सुरू झालेल्या असतात, खोल्या सहज मिळतात. मुक्काम फॉर्च्युना किंवा युरेकाला करा, गार्बरव्हिलपेक्षा पर्याय जास्त आहेत. स्वेटर सगळ्यांचे घ्या, बाबा नको म्हणाले तरी त्यांचाही.