चालत्या भट्टीवर जार बदलताना: अपाची कराफचे अकरा महिने

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी संगणक विभाग बघते. आमच्याकडे एक जावा अ‍ॅप्लिकेशन चोवीस तास चालतं. स्पेक्ट्रोमीटरचा (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचा) रिझल्ट उचलून भट्टीसमोरच्या स्क्रीनवर टाकणं, वजनकाट्याचा आकडा ईआरपीत पोचवणं, गिऱ्हाइकांकडून एक्सेलमध्ये येणारी शेड्यूल वाचणं, ई-इन्व्हॉइस पोर्टलशी देवाणघेवाण करणं, हे सगळं तेच करतं. अकरा महिन्यांपूर्वी ते आम्ही अपाची कराफवर नेलं, म्हणजे चालू असतानाच जार (जावा लायब्ररीच्या फाइली) घालता-काढता येतात अशा सर्व्हरवर. आतले रूट (माहिती कुठून उचलून कुठे टाकायची ते सांगणारे भाग) अपाची कॅमल ३ या लायब्ररीचे, खाली जावा ११. नवी लायब्ररी घालायची म्हणून अ‍ॅप्लिकेशन बंद करायला लागू नये, एवढ्याच एका कारणासाठी हा खटाटोप केला.

"दोन मिनिटं बंद ठेवा की" असं बाहेरचा माणूस सहज म्हणतो. पण भट्टीत धातू साधारण दीड हजार अंशावर असतो. चिल सॅम्पल (झटकन गोठवलेला धातूचा नमुना) काढून लॅबला जातं, कार्बन-सिलिकॉनचा आकडा आला की पुढचं ठरतं. तो येईपर्यंत भट्टी धरून ठेवायची, म्हणजे वीज जाते आणि फार वेळ धरली तर कार्बनही उतरतो. एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचं बीड) असेल तर मॅग्नेशियम ट्रीटमेंटनंतर दहा-बारा मिनिटांत ओतून मोकळं व्हावं लागतं, कारण मॅग्नेशियम उडत राहतं. तीन शिफ्ट, आणि "आता कोणाचं काही चालू नाही" अशी वेळ दिवसात सापडतच नाही.

दुसरं कारण पंचगंगेच्या पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. शहरातून कारखान्यात जायला वाटच उरत नाही. अशा वेळी घरी बसून, एसएसएचवरून (लांबचा संगणक चालवायच्या सुरक्षित जोडणीवरून), चालत्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये बदल करता आला पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं. कराफचा कन्सोल ८१०१ पोर्टवर एसएसएचने उघडतो. हे मला पहिल्या दिवसापासून आवडलं आणि आजही आवडतं.

कराफ ज्या ओएसजीआय पद्धतीवर उभं आहे ती जुनी आहे. ओएसजीआय अलायन्स १९९९ मध्ये स्थापन झाली ती घरातल्या गेटवेसारख्या छोट्या उपकरणांसाठी. जावाच्या साध्या पद्धतीत सगळ्या जार एकाच क्लासपाथवर (जावा जिथे कोड शोधतं त्या यादीत) ओळीने मांडलेल्या असतात. ओएसजीआयमध्ये प्रत्येक जार म्हणजे एक बंडल आणि प्रत्येक बंडलला स्वतःचा क्लासलोडर (कोड मेमरीत आणणारा भाग). कोणती पॅकेजेस बाहेर द्यायची, कोणती बाहेरून घ्यायची, हे त्या बंडलच्या मॅनिफेस्टमध्ये (जारच्या आतल्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहिलेलं असतं. त्यामुळे एक बंडल चालू असताना दुसरं आणता येतं, बदलता येतं, काढता येतं. कॅमलचा एफटीपी कंपोनंट हवा असेल तर कन्सोलवर "फीचर:इन्स्टॉल कॅमल-एफटीपी" एवढंच टाकायचं. त्याला लागणाऱ्या बाकीच्या जार कराफ स्वतः गोळा करतं.

पहिले दोन महिने फार आनंदात गेले. एका गिऱ्हाइकाने शेड्यूल मेलऐवजी एसएफटीपीवर टाकायचं ठरवलं. दुपारी जेवणानंतर फीचर घातलं, रूटची एक्सएमएल फाइल डिप्लॉय फोल्डरमध्ये टाकली, चहा यायच्या आत फाइल ईआरपीत. भट्टीसमोरच्या स्क्रीनला याची खबरही नाही. आधी याच कामासाठी मी रविवारी रात्री येऊन बसायची.

सगळ्यात मोठा फायदा एक्सेलच्या बाबतीत झाला. आमचा एक जुना शेड्यूल-पार्सर अपाची पीओआय (एक्सेल वाचणारी जावा लायब्ररी) ३ वर लिहिलेला आहे. त्याचा सोर्स कोड आज कोणाकडेच नाही. नव्या पार्सरला पीओआय ५ हवं होतं. या दोघांचं एका क्लासपाथवर जमणं शक्यच नाही, कारण सेलचा प्रकार सांगणारे जुने स्थिरांक पीओआय ४ पासून काढून टाकलेत. कराफमध्ये दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. जुना पार्सर ३ बघतो, नवा ५ बघतो, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

पण त्यातही एक दिवस गेला. पीओआय ५ मध्ये एक्सएलएसएक्स वाचणारा भाग सर्व्हिसलोडरने (जावाच्या भाग शोधायच्या सोयीने) शोधला जातो. ओएसजीआयच्या कप्प्यांमध्ये तो शोध पलीकडच्या बंडलपर्यंत पोचत नाही, आणि मग चांगल्या एक्सेल फाइललाही "ही एक्सेल फाइल नाही" अशा अर्थाची चूक येते. मी फाइलच तपासत बसले. शेवटी वर्कबुक-फॅक्टरी सोडून एक्सएसएसएफ-वर्कबुक थेट तयार केलं तेव्हा वाचलं. कोणाचा एक दिवस वाचावा म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. जेडीबीसी ड्रायव्हरचंही (डेटाबेसशी जोडून देणाऱ्या जारचंही) तसंच. जावाचा ड्रायव्हर-मॅनेजर, मागणाऱ्याच्या क्लासलोडरला जो ड्रायव्हर दिसत नाही तो देतच नाही. तिथे पॅक्स-जेडीबीसीचं फीचर घाला, डेटासोर्स कॉन्फिग फाइलमध्ये लिहा आणि ड्रायव्हर-मॅनेजरचा नाद सोडा.

आता चौथ्या महिन्यातली गोष्ट. कॅमलचा मेल कंपोनंट घालायचा होता. दुपारचे पावणेचार, दुसरी शिफ्ट नुकतीच लागलेली. फीचर इन्स्टॉलची ओळ टाकली आणि लॉगमध्ये बंडल बंद पडू लागली. मेलची नव्हे, आमची. वजनकाटा, ईआरपी, मग स्पेक्ट्रो. बहुतेक अर्ध्या मिनिटात परत उभी राहिली, स्पेक्ट्रोचं बंडल "ग्रेसपीरियड" अशी स्थिती दाखवत बसून राहिलं. ब्लूप्रिंटमध्ये (बंडलला कोणत्या सर्व्हिस लागतात ते सांगणाऱ्या एक्सएमएलमध्ये) लिहिलेली एखादी सर्व्हिस सापडली नाही तर बंडल तिची वाट बघतं, आणि ठरवून बदललं नसेल तर ही वाट पाच मिनिटांची असते. फोन वाजला. मेल्टिंगचे सुपरवायझर, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. "मॅडम, स्क्रीनवर आकडा न्हाई आला. ओतू का थांबू?"

"थांबा मामा, लॅबमधून कागद पाठवते," म्हटलं आणि लॅबच्या पोराला पळवलं. कास्टिंग एकही वाया गेलं नाही, पण भट्टी विनाकारण धरून ठेवावी लागली. मामा नंतर काही बोलले नाहीत. मला मात्र रात्री झोप लागली नाही, कारण ज्यासाठी हे सगळं उभं केलं तेच माझ्या हातून मोडलं होतं.

कारण दुसऱ्या दिवशी सापडलं, आणि ते आमच्याच कामात होतं. ज्या जारना ओएसजीआयचा मॅनिफेस्ट नसतो त्या "रॅप:" लावून घालता येतात. आम्ही घाईत आठ-नऊ जार तशाच घातल्या होत्या. रॅप करताना वेगळं काही सांगितलं नाही, तर जारमध्ये ज्या ज्या पॅकेजचा उल्लेख असेल ते सगळं "मिळालं तर घेईन" असं मॅनिफेस्टमध्ये लिहिलं जातं. आमच्या एका सामायिक जारमध्ये मेलच्या पॅकेजचा असाच उल्लेख होता. मेल कंपोनंटबरोबर ते पॅकेज आलं, कराफने आमच्या जारला ते जोडून द्यायचं ठरवलं, जोडायचं म्हणजे ती जार रिफ्रेश करायची (थांबवून, नव्याने जोडून परत चालू करायची), आणि तिच्यावर उभी असलेली सगळी बंडल तिच्याबरोबर. कराफ नियमाप्रमाणेच वागलं. "मिळालं तर घेईन" असं आम्हीच लिहून दिलं होतं.

त्यानंतर आम्ही प्रत्येक जारचा मॅनिफेस्ट बीएनडी या साधनाने नीट बांधला, खरंच लागतात तेवढीच पॅकेजेस ठेवली. आणि इन्स्टॉल करताना आधी "-टी -व्ही" लावून नुसती तालीम घ्यायची. काय येणार, कोण कोण रिफ्रेश होणार, याची यादी कराफ आधीच दाखवतं, हात काहीच लावत नाही. यादीत स्पेक्ट्रोचं नाव दिसलं तर "-आर" लावून आपोआप होणारं रिफ्रेश थांबवायचं आणि मामांना विचारून वेळ ठरवायची. हे दोन पर्याय मदतीच्या पानावर पहिल्यापासून होते. मी ते वाचायला हवे होते.

लायब्ररी घालणं यातलं सोपं काम आहे. अकरा महिन्यांत माझा बहुतेक वेळ खाल्ला तो लायब्ररी काढण्याने. जावामध्ये क्लास एकटा कधीच जात नाही. त्याचा क्लासलोडर, आणि त्या लोडरने आणलेले सगळे क्लास, असं अख्खं बिऱ्हाड एकदमच उठतं. त्यातल्या एकाचाही हात बाहेर कोणी धरून ठेवला असेल तर कोणीच हलत नाही. कन्सोलवर "बंडल:अनइन्स्टॉल" केलं की यादीतून नाव जातं, पण त्याची पॅकेजेस वापरणारी बंडल रिफ्रेश होईपर्यंत जुनाच कोड वापरत राहतात. हे कळायच्या आधी मी दोन दिवस जुन्या चुकीचा शोध नव्या कोडमध्ये घेत होते.

याच गडबडीतून ती चूक येते जी पहिल्यांदा वाचली की डोळ्यांवर विश्वास बसत नाही: अमुक क्लास अमुक क्लासमध्ये बदलता येत नाही, आणि दोन्ही नावं अक्षर न् अक्षर एकच. जेव्हीएमच्या लेखी क्लासची ओळख म्हणजे नाव आणि क्लासलोडर, दोन्ही मिळून. आपल्याकडे पाटील म्हटलं की "कुठल्या तालमीचा?" हे विचारावंच लागतं, तसंच आहे हे. जुन्या लोडरचा ऑब्जेक्ट कुठल्या तरी कॅशमध्ये राहिला आणि नव्या बंडलने तो उचलला की हे होणारच. दोघांना लागणारे क्लास एका वेगळ्या लहान बंडलमध्ये ठेवले आणि त्याला हात लावायचं सोडून दिलं, तेव्हापासून ही चूक आलेली नाही.

सातव्या महिन्यात मेटास्पेस (जावाच्या मेमरीतला एक भाग) भरलं. जावा ८ पासून क्लासची माहिती तिथे राहते, आणि मर्यादा घातली नसेल तर ते वाढत जातं. आम्ही मर्यादा घातली होती म्हणून चूक लवकर दिसली. जावाच्याच "जेसीएमडी" या तपासणीच्या साधनाला क्लासलोडरची आकडेवारी विचारली तर लेबल छापणाऱ्या एकाच बंडलचे चौदा लोडर जिवंत. म्हणजे प्रत्येक अपडेटमागे एक मेलेला, पण न गेलेला. हीप डंप (मेमरीची नक्कल) काढून एक्लिप्स मॅट या साधनात मुळापर्यंत गेले. प्रिंटरच्या पुरवठादाराने दिलेली जार आत एक टायमर-थ्रेड (मागे सतत चालणारं काम) सुरू करते आणि तो बंद करायची सोयच तिच्यात नाही. तो थ्रेड लोडरला धरून बसलेला. पुरवठादाराला दोन मेल केल्या, उत्तर नाही. आम्ही ती जार लहान वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवली, आता तिच्याशी सॉकेटवरून बोलतो. ज्या लायब्ररीला आवरून जायला येत नाही तिला चालत्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये घेऊ नये, असं माझं आता पक्कं मत आहे.

वजनकाट्याच्या डीएलएलचं (विंडोजच्या नेटिव्ह, म्हणजे जावाबाहेरच्या लायब्ररीचं) दुखणं निराळं. जेव्हीएममध्ये एक नेटिव्ह लायब्ररी एका वेळी एकाच क्लासलोडरला मिळते. पहिला लोडर कचरा म्हणून उचलला जाईपर्यंत दुसऱ्याने मागितली की "आधीच दुसरीकडे लोड आहे" असं उत्तर येतं. म्हणून डीएलएलला हात लावणारा कोड एकट्या बंडलमध्ये ठेवा, आणि रूट दुसऱ्यात. रूट दिवसातून तीनदा बदलला तरी काटा चालू राहतो.

इंटरनेटबद्दल थोडंसं. सर्व्हर रूममधून बाहेर जायला परवानगी नाही, म्हणून कराफ मेव्हनच्या (इंटरनेटवरच्या जावा लायब्ररींच्या) भांडारातून जार आणू शकत नाही. सगळं काही केएआर (.kar) फाइलमध्ये बांधून नेते, त्यात फीचर आणि जार दोन्ही असतात. ही सोय उत्तम आहे.

टेबलावर प्रयोग करायला मात्र मी कॅमल जेबँग (कमांडलाइनवरून रूट चालवून बघायचं साधन) वापरते. रूट लिहा, फाइल सेव्ह करा, कुठला कंपोनंट लागतो ते जेबँग स्वतः ओळखतं आणि उतरवून घेतं. फाइल बदलली की रूट परत लोड. शिकाऊ मुलांच्या हातात मी हेच देते.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी कराफ सुचवेन का? कॅमल ४ ऑगस्ट २०२३ मध्ये आलं, त्याला जावा १७ लागतं, आणि ओएसजीआयचा आधार मुख्य प्रकल्पातून काढून कराफसाठीचा भाग वेगळा केला आहे. बहुतेक लोक आता स्प्रिंग बूट किंवा क्वार्कस या जावा फ्रेमवर्कवर लहान लहान सर्व्हिस करतात आणि बदल झाला की ती एकच सर्व्हिस परत चालू करतात. क्वार्कसची नेटिव्ह इमेज (आधीच यंत्रभाषेत बांधलेली फाइल) केली तर चालू असताना नवा क्लास आणताच येत नाही, सगळं बांधतानाच ठरलेलं. ई-इन्व्हॉइससाठी हे बरं आहे. बिल अर्धा मिनिट थांबलं तर रांगेत थांबतं, ट्रक काही सुटून जात नाही. म्हणून तो रूट मी दिवाळीनंतर बाहेर काढणार आहे. शेड्यूलचे पार्सर पीओआय ३ असेपर्यंत कराफमध्येच राहतील.

स्पेक्ट्रोचा रूटही तिथेच राहील. प्रत्येक इन्स्टॉलआधीची "-टी -व्ही" यादी आता मी छापून मेल्टिंगच्या शिफ्ट रजिस्टरला लावते. तिच्यात स्पेक्ट्रोचं नाव असेल तर मामा त्यावर वेळ लिहून देतात, बहुधा एक हीट (एका वेळी वितळवलेला धातू) ओतून झाल्यावर आणि दुसरीचं चार्जिंग सुरू होताना. त्या वेळेआधी मी एंटर दाबत नाही.