वादसभा की भजन?

1829 साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी ख्रिस्ती धर्म पटवून देण्यासाठी जाहीर वादसभेचा मार्ग धरला. 1831 मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा वाद झाला, मग दोघांनी पुस्तकांतून एकमेकांना उत्तरं दिली. यातला मोठा गुण असा, की समोरच्याचे ग्रंथ वाचल्याशिवाय उभंच राहता येत नसे. पण 1839 मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी पालकांनी मुलं विल्सन यांच्या शाळेतून काढून घेतली.

दुसरी वाट भजनाची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 1917 मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. मराठी चर्चमध्ये टाळाच्या ठेक्यावर त्यांचं भजन सुरू झालं, की दारावरून जाणाऱ्या वारकऱ्यालाही चाल ओळखीची वाटावी.

मला टिळकांचीच वाट जवळची वाटते. घरात मात्र तीही सोपी नव्हती. टिळक ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. आधी लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद गळून पडला, बाप्तिस्मा त्यानंतर.