खाऱ्या हवेत कमरेला रिव्हॉल्व्हर: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

वेंगुर्ल्याकडे आमचा काजूचा धंदा. मार्च ते मे बी खरेदीचे दिवस, आणि अजूनही बरेच शेतकरी पैसे हातातच मागतात. संध्याकाळी रोकड घेऊन एकट्याने गाडी चालवायची वेळ येते, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून, रीतसर लायसन्स काढलं आणि 2023 च्या दिवाळीनंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. तीन इंची नळी, सहा गोळ्या, रिकामं वजन साधारण 700 ग्रॅम. त्याची चिकित्सा करणारं लिखाण भरपूर आहे. पण ते रोज कमरेला बाळगायचं म्हणजे काय, आणि तेही समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

आधी कायद्याचं थोडक्यात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये (म्हणजे शस्त्राच्या म्यानात) किंवा तशाच खास पिशवीत हवी आणि पूर्ण झाकलेली हवी. शर्ट वर करून मिरवणारे शूरवीर लग्नात दिसतात, ते सरळसरळ नियम मोडतात. म्हणजे होल्स्टर ही हौसेची वस्तू नाही. तरीही दुकानात बंदुकीवर तासभर बोलणारा माणूस होल्स्टरची वेळ आली की एक काळा खोका पुढे करतो आणि म्हणतो, 'हे बसतं सगळ्याला.'

ते सगळ्याला बसणारं चामड्याचं होल्स्टर मी आधी वापरलं. दिसायला झकास, अंगाला मऊ. घामाने त्याची आतली बाजू काळी पडली, टिचबटण हिरवं झालं, आणि जूनचे पहिले दोन आठवडे कपाटात राहिलं तर वर पांढरी बुरशी. बुरशी पुसता येते. खरी अडचण तोंडाची झाली. चामडं ओलाव्याने ढिलं पडलं की होल्स्टरचं तोंड मिटतं, मग रिव्हॉल्व्हर परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडून धरावं लागतं. भरलेल्या शस्त्राच्या नळीपुढे स्वतःची बोटं येणार असतील, तर ते होल्स्टर कितीही सुंदर असो, माळ्यावर टाकावं.

आता कायडेक्सचं आहे. तापवून शस्त्राच्या मापाने दाबलेलं कडक प्लास्टिक, पँटच्या आत बसणारं. तोंड कायम उघडं, ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) पूर्ण झाकलेला, घाम पीत नाही, नळाखाली धुऊन पुसलं की झालं. पकड कमीजास्त करायला स्क्रू आहे. तो कंपनाने सैल होतो, महिन्यातून एकदा बघावा. आमचं मॉडेल वरून मोडून उघडणारं असल्याने ते उघडायच्या खटक्यावर दाब येणार नाही असा साचा मुद्दाम मागावा लागला. तोटा एकच, पण नक्की: आत वाळूचा कण गेला की ठेवता-काढताना नळीवरचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर काळा थर, घासतं. माझ्या नळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना रुपेरी पट्टे उमटलेत. ज्याला शस्त्र नवंकोरं दिसायला हवं असेल त्याने हे घेऊ नये.

आणि पट्टा. साध्या पट्ट्यावर पाऊण किलो लटकवलं की पँट एका बाजूला ओघळते आणि माणूस दर पाच मिनिटांनी कंबर सावरतो. 'शेटनू, कंबराक काय झाला?' असं बाजारात विचारलं गेल्यावर दुपदरी कडक पट्टा आणला, निम्मा त्रास तिथेच संपला. उरलेला गाडीत बसताना होतो. ड्रायव्हरच्या उजव्या कमरेवरून सीटबेल्टचा खालचा पट्टा जातो, तो नेमका होल्स्टर दाबतो. पोट सुटलेल्या माणसाला पुढच्या बाजूला ठेवणं तर अशक्यच.

गंजाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. ब्लूइंग म्हणजे फार पातळ संरक्षण. खारी हवा त्यावर काम करते त्यापेक्षा जलद घाम करतो. त्यामुळे गंज पहिल्यांदा शरीराकडच्या बाजूला येतो: गोळ्या बसतात त्या फिरत्या सिलिंडरच्या पुढच्या कडेला आणि मुठीच्या स्क्रूभोवती टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके. बोटाला खरखर लागते, मग डोळ्याला दिसतात. रोज घरी आल्यावर गोळ्या काढायच्या, जुन्या बनियनच्या तुकड्याने कोरडं पुसायचं, मग गन ऑइलचा हलका हात. खोबरेल लावू नका, चिकट होऊन बसतं. सिलिंडरच्या आत तेलाचे थेंब ठेवू नका, काडतुसाच्या कॅपपर्यंत झिरपलं तर ऐन वेळी फुसका बार. चामड्यात घालून तर कधीच ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. पावसाळ्यात माझं तिजोरीत असतं, उघडं, शेजारी सिलिका जेलची डबी. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर कोरडे करतो. जुलैत हे दर आठवड्याला करावं लागतं.

बाळगायचं ठरवल्यावर कळतं की ते न्यायची सोय नसलेल्या जागाच जास्त. आमच्याकडच्या काही देवळांत गाभाऱ्याजवळ शर्ट काढावा लागतो. तिथे काय करणार? गाडीत ठेवणं म्हणजे चोराला आमंत्रण. पंगतीला मांडी घालून बसलं की मूठ बरगडीत रुतते. माझं लायसन्स महाराष्ट्रापुरतं, आणि आरोंद्याचा पूल ओलांडला की किरणपाणी, म्हणजे गोवा. म्हापशाला जायचं तर ते घरीच. गणपतीत घर मुलांनी भरलेलं असतं, तेव्हा तिजोरीची किल्ली माझ्या कमरेला आणि रिव्हॉल्व्हर आत.

निवडणुकीचा किस्सा वेगळाच. 2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली. आमच्याकडे मतदान 7 मे ला, निकाल 4 जूनला. म्हणजे ज्या हंगामासाठी हे सगळं केलं, त्यातला बहुतेक हंगाम ते ठाण्यात. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पुन्हा तेच. जमा करताना पावतीवर नंबर स्वतः ताडून घ्या आणि देण्याआधी सढळ तेल लावा. परत मिळालं तेव्हा माझ्या घोड्याच्या खाचेत तांबूस पूड होती.

शस्त्र ठाण्यात असलेल्या त्या उन्हाळ्यात मी मोठ्या रकमा सरळ बँक खात्यावर टाकायला लागलो. सुरुवातीला कुरबुर झाली, आता निम्म्याहून जास्त बागायतदारांनी मान्य केलंय. खरं सांगायचं तर माझी जोखीम रिव्हॉल्व्हरपेक्षा त्यानेच जास्त कमी झाली.

ट्रिगर जड आहे, एका दाबात घोडा मागे जाऊन सुटतो म्हणून तो जड असणारच. कमरेला बाळगताना मला तेच बरं वाटतं. सराव मात्र घाट चढून ओळखीच्या क्लबात, तोही क्वचित. गोळ्या महाग, शिवाय लायसन्सवरचा कोटा. हलकं हवं असेल तर 2014 साली आलेलं कानपूरचंच 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर 500 ग्रॅमचं आहे. पण 200 ग्रॅम वाचवण्याआधी आपल्या मापाचं होल्स्टर आणि चांगला पट्टा घ्या, फरक तिथे जास्त जाणवेल. लायसन्स आता 5 वर्षांचं मिळतं. माझं नूतनीकरण येईपर्यंत रोकडीचा व्यवहार असाच घटत गेला, तर मी ते परत करायचा अर्ज देईन. कायडेक्सचं होल्स्टर ज्याला हवं त्याने तेव्हा सांगावं, उजव्या हाताचं आहे.