लोढणं की शेजारचा वाडा?

राखणीचं कुत्रं सात-आठ महिन्यांचं झालं की कोकरांमागे धावतं, लोकर ओढतं, कान चावतं. हा राग नव्हे, खेळ. पण त्यात कोकरू जायबंदी होतं.

गळ्यात लोढणं, म्हणजे लोंबतं लाकूड, अडकवलं तर पाठलाग लगेच मंदावतो आणि कुत्रं कळपातच राहतं. मात्र पाय सोलवटतात, लाकूड झुडपात अडकतं आणि काढलं की खोड परतू शकते.

मला कुत्र्यासाठी मेंढ्यांच्या शेजारचा जाळीचा वाडा जास्त पटतो. मेंढ्यांचा वास, आवाज सतत जवळ. आणि रोज थोडा वेळ, आपल्या डोळ्यांदेखत, त्याला थोराड मेंढ्यांत सोडायचं. अशी मेंढी पाय आपटते, मान खाली घालून सणसणीत धडक देते. तो धडा आपल्याला देता येत नाही. वेळ मात्र लागतो: बहुतेक कुत्री दीड-दोन वर्षांनीच भरवशाची होतात. तोवर विणाऱ्या मेंढ्यांत एकटं सोडू नका.