विंडसर्फिंगची रोड ट्रिप आणि 'वाऱ्याची गॅरंटी': पैसे पाठवण्याआधी वाचा

कोणी तुम्हाला "विंड गॅरंटी"सकट विंडसर्फिंगचा तयार रूट विकत असेल तर आधी हे वाचा, मग काय ते ठरवा. आम्ही तिघं मित्र, जागा काही ठरेना. एकाला स्पेनचं तारिफा, एकाला इटलीतला गार्डा लेक, मला ग्रीसची बेटं, कारण जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी वारा जोरात असतो. तेवढ्यात ऑनलाइन एक प्लॅनर भेटला (नाव लिहीत नाही), म्हणाला ग्रीस सोडा, व्हॅन फेरीवर चढवायची कटकट कशाला, मी गार्डा, फ्रान्सचं ल्यूकात, तारिफा अशी लाइन लावून देतो, व्हॅन-बोर्ड-सेल (म्हणजे शीड) सगळं माझ्याकडून, आणि वारा नाही मिळाला तर पैसे परत.

आता त्याची खरी हातचलाखी बघा. तिन्ही जागांच्या वाऱ्याचे स्क्रीनशॉट पाठवले, आकडे 25, 28, 30. वाटलं हे नॉट्स, म्हणजे झकास, 5.0 चौरस मीटरचा सेल पुरेल. पण जिथे युनिट लिहिलेलं असतं तो वरचा भाग कापलेला होता! ते आकडे नॉट्स नव्हतेच, किलोमीटर प्रति तास होते. 1 नॉट म्हणजे 1.852 किमी प्रति तास, म्हणजे 25 चे उरले साडेतेरा नॉट्स, आणि तेही गस्टचे, म्हणजे क्षणभराच्या झोताचे, सरासरी त्याहून कमी. एवढ्यात 75 किलोचा माणूस 5.0 वर प्लेनिंगला येतच नाही, म्हणजे बोर्ड पाण्यावर उचलला जाऊन घसरत नाही, नुसता पाणी ढकलत राहतो, 7 च्या पुढचा सेल हवा, आणि त्याच्या किटमध्ये सगळ्यात मोठा 5.3.

गार्डावर तर कमालच. तिथे उत्तर टोकाला दोन वारे चालतात, पहाटेपासून साधारण दुपारपर्यंत उत्तरेचा पेलेर आणि दुपारनंतर दक्षिणेचा ओरा. मधे एक जातो एक येतो तेव्हा तळं सपाट पडतं. आमचा बोर्डाचा स्लॉट कधीचा? अकरा ते एक! तिथल्या तोरबोले गावात बोर्ड भाड्याने देणाऱ्या डेपोवाल्यानेच हसत सांगितलं की हा स्लॉट कोणी घेत नाही म्हणून स्वस्तात जातो, आणि आमच्या प्लॅनर गुरुजींना त्यावर कमिशनही मिळतं. ओरा उन्हावर चालतो, ढग आले की ढेपाळतो, शिवाय जगभराचं हवामान मॉडेल साधारण नऊ ते तेरा किलोमीटरच्या चौकोनांत बघतं, त्याला डोंगरांमधलं अरुंद तळं नीट दिसतच नाही. त्यामुळे तिथला अंदाज साध्या ॲपवर बघून काही कळत नाही, लोकल डेपोला फोन करून विचारावं लागतं.

ल्यूकातला त्रामोंतान हा वायव्येचा वारा, सुटला की खरंच भन्नाट, तिथलं खाजण सपाट आणि मस्त. आम्ही असताना तो सुटलाच नाही, त्याचा दोष कोणाला देणार. पण तिथून तारिफा हजार किलोमीटरच्या वर आहे, हे त्यानं "एक ड्राइव्ह डे" म्हणून खपवलं होतं. तारिफाला पोचलो तर लेवांते, म्हणजे पूर्वेचा वारा, इतका जोरात की छोटे सेलही मोठे पडावेत! आणि गावाजवळच्या बीचवर तो किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो, झटक्याझटक्याने. आमच्यातला एक नवशिका होता हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत. नवशिक्याला ऑफशोअर वाऱ्यात उतरवणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा. पोनिएंते, म्हणजे पश्चिमेचा वारा, तिथे त्याच्यासाठी बरा पडतो, पण प्लॅनमध्ये वाऱ्याच्या दिशेचा उल्लेखच नव्हता.

पैसे परत मागितले तर त्यानं गॅरंटीची अट दाखवली: कुठल्याही दिवशी, पन्नास किलोमीटरच्या आत कुठेही, एकदा जरी 12 नॉट्सचा गस्ट आला तर तो "वाऱ्याचा दिवस". या हिशोबानं जगात वारा नसलेला दिवस शोधून दाखवा म्हणावं.

पेमेंटचं नीट ऐका. तो म्हणाला होता पेपलवर "फ्रेंड्स अँड फॅमिली" करून पाठवा, फी वाचते. ज्यानं तसे पाठवले त्याला खरेदीदाराचं संरक्षण लागू नाही, पैसे गेले ते गेले. दुसऱ्यानं हट्टानं कार्डावर भरले होते, त्यानं बँकेत डिस्प्यूट टाकला, सोबत ते कापलेले स्क्रीनशॉट, त्याच तारखांची युनिटसकट मूळ पानं आणि गार्डाच्या स्लॉटची पावती जोडली. त्याचे परत आले, वेळ लागला पण आले.

हाच माणूस आता दुसऱ्या नावानं पॅकेज विकतोय, स्क्रीनशॉट तेच, कापलेले. तुम्हाला आले तर उलट एवढंच विचारा: सरासरी किती नॉट्स, कुठल्या दिशेनं, किती ते किती वाजता. आम्ही हे उशिरा विचारलं तेव्हा त्यानं ब्लॉक केलं.