पुरात बुडालेली गाडी मला ‘कमी चाललेली, घरगुती वापराची’ म्हणून विकली गेली

पुरात बुडालेली गाडी पावसाळ्यात कुणी विकायला काढत नाही. ती धुतात, सुकवतात, आणि दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की लांबच्या शहरात विक्रीला उभी करतात. तिची दुखणी वर येतात ती पुढच्या पावसात. तोवर पैसे चुकते झालेले असतात, आरसीवर तुमचं नाव चढलेलं असतं आणि विकणारा मोकळा झालेला असतो. अशीच एक गाडी मी बायको-मुलांना घेऊन अख्खा उन्हाळा चालवली. तिच्यात काय काय लपवलं होतं ते कळल्यावर अंगावर काटा आला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

२०२२ चा जानेवारी. चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग होतं आणि त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव चढलेले. पुण्यातल्या एका यार्डात २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक मिळाली. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी. यार्डवाल्याने सांगितलं, ‘मालक रिटायर्ड शिक्षक आहेत, गाडी बहुतेक अंगणातच उभी. कोकणातली गाडी, पण गंज बघा, कुठे दिसतोय?’ खरंच दिसत नव्हता. सीट कव्हर नवी, मॅट नवे, इंजिन चकचकीत, आत लव्हेंडरचा वास. मीटर ३८ हजार. मी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो होतो. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, ऑइल बघितलं, चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहिला, चक्कर मारली आणि गाडी ठीक आहे म्हणाला. इंजिन खरोखर ठीकच होतं, कारण ते खोलून साफ केलेलं होतं. चार लाख दहा हजारांना व्यवहार ठरला. पावतीवर छापलेली एक ओळ होती : ‘गाडी जशी आहे तशी पसंत करून घेतली आहे.’

जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडी वेड्यासारखी वागायला लागली. पॉवर विंडो आपोआप खाली यायची. सेंट्रल लॉक रात्री दोनला खटाखट वाजायचं. इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा आणि ऊन पडलं की जायचा. एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास.

सल्ले भरपूर मिळाले. गाडीवाली माणसं या बाबतीत उदार असतात. सोसायटीतल्या एकाने बॅटरी बदलायला सांगितली, एकाने अर्थिंग तपासायला, तिसरा म्हणाला उंदरांनी वायरी कुरतडल्या असणार, त्याच्याकडे तसंच झालं होतं. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण प्रत्येक जण स्वतःच्या गाडीला जे झालं तेच माझ्या गाडीत शोधत होता. मी बॅटरी बदलली, एसीचा फिल्टर बदलला, उंदरांसाठी बोनेटखाली तंबाखूच्या पुड्यासुद्धा ठेवल्या. फरक शून्य.

ज्याने एका मिनिटात निदान केलं तो आमच्या शेजाऱ्यांच्या पाहुण्यांना घेऊन आलेला चिपळूणचा टॅक्सीवाला. मी पार्किंगमध्ये काचेशी झटापट करत होतो. त्याने नंबरप्लेट बघितली आणि विचारलं, ‘साहेब, गाडी कुठली घेतलीत? चिपळूणची का?’ मी आरसीवरचा पत्ता आठवून हो म्हणालो. तो आत डोकावला, ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि म्हणाला, ‘खेचा. अजून खेचा. रीळ संपेस्तोवर खेचा.’

पट्ट्याचा जो भाग आपण रोज ओढतो तो स्वच्छ काळा होता. पण अगदी शेवटचा वीतभर भाग, जो एरवी कधी बाहेरच येत नाही, तो तपकिरी. मधोमध पाण्याची नागमोडी रेघ, आणि विणीत बसलेली बारीक माती. त्याने नखाने खरवडलं तर पीठ सांडावं तशी ती माझ्या तळहातावर सांडली. ‘हा वाशिष्ठीचा गाळ,’ तो म्हणाला. ‘आमच्या आळीतल्या सगळ्या गाड्यांत हाच निघाला. पट्टा कुणी बदलत नाही, साहेब. बाकी सगळं बदलतात.’

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीच्या पुराने चिपळूण बुडालं, हे आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलं होतं. बाजारपेठेत तळमजले पाण्याखाली, एसटी आगारातल्या बस पाण्यात. तिथे बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं असेल, हा विचार मात्र माझ्याच काय, गाडी बघणाऱ्या मेकॅनिकच्याही डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने सीट काढल्या, गालिचा उचलला. खालचा फोम पिळला तर पाणी आलं, आणि तो पत्र्यावरून उचलताना चिखलाचा पापुद्रा सोबत निघाला. सीट ज्यांवर सरकते त्या रुळांचे बोल्ट गंजलेले, त्यांच्या डोक्यांवर पाना लावल्याचे ताजे ओरखडे. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर. डिक्कीत स्टेपनीच्या खळग्यात, रबरी बुचाखाली, पुन्हा तोच गाळ. कोरड्या हवेत या पिना कशाबशा काम करतात, दमटपणा आला की करंट भलतीकडे पळतो. पावसातच गाडी बिघडायची त्याचं कारण हे.

खरा धक्का यानंतरचा. एअरबॅगचा मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग केव्हा उघडायची ते ठरवणारा डबा, बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधे, गिअरच्या आसपास जमिनीलगत असतो, म्हणजे पाणी शिरलं की पहिल्यांदा भिजणाऱ्यांपैकी तो. आमचा मॉड्यूल मेलेला होता. मग डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा का नव्हता? इलेक्ट्रिशियनने मीटर खोलून दाखवलं. त्या दिव्याची मूळ वाट तोडून तो ऑइलच्या दिव्याला जोडला होता. चावी फिरवली की दोन्ही दिवे लागायचे, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझायचे. बघणाऱ्याला वाटावं, सगळं व्यवस्थित आहे. कुणीतरी टेबलावर बसून, डोकं लावून, सोल्डरिंग करून हे केलं होतं. पुढे ही गाडी कुणीतरी माणूस लेकराबाळांना घेऊन चालवणार हे त्याला माहीत होतं. पैशांची फसवणूक मी विसरेन कदाचित, ही नाही विसरणार.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा एवढं एक नक्की करा. चावी ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका आणि मीटरकडे बघत बसा. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत आपणहून विझला पाहिजे. एअरबॅगवाल्या गाडीत तो लागलाच नाही तर तो बिघडलेला, काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. ऑइल किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर तसाच लागून राहिला आणि इंजिन सुरू केल्यावरच गेला, तर गाडीतून उतरा आणि घरी या.

पट्ट्यांचं तर सांगितलंच, पुढचे-मागचे सगळे रिळापासून खेचून बघा. कडक सुगंध मारलेला असेल तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून, गाडी अर्धा तास उन्हात उभी करायला सांगा आणि मग दार उघडून वास घ्या. साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, असलेला माणूस सोबत असेल तर उत्तम. कोड पुसले असले तरी ‘रेडीनेस’, म्हणजे गाडीने स्वतःची केलेली तपासणी, पूर्ण नाही असं तो दाखवतो, म्हणजे कोड नुकतेच पुसलेत हे कळतं.

पण मला विचाराल तर पत्र्यापेक्षा कागद जास्त बोलतात. मला व्यवहाराबरोबर जी विमा पॉलिसी मिळाली ती फक्त थर्ड पार्टीची, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती होती, तारीख अगदी ताजी. यार्डवाला म्हणाला होता, ‘खर्च वाचवला तुमचा.’ आता अर्थ लागतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरते आणि पैसे दिले की ती पॉलिसी तिथेच संपते. पुन्हा पूर्ण विमा घ्यायचा तर गाडीची तपासणी आली. थर्ड पार्टीला ती कटकट नाही. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या, ‘जपून वापरलेल्या’ गाडीला नुसती थर्ड पार्टी असेल तर आधीची पॉलिसी मागा. तिच्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे बघा. क्लेम न घेता पाच वर्षं गेली तर तो ५० टक्के होतो, क्लेम घेतला की शून्यावर येतो. आधीची पॉलिसी सापडतच नसेल तर तेही उत्तरच समजा.

दुसरा कागद म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद. आरसी माझ्या नावावर असल्याने ती मला मिळाली. दर वर्षीची सर्व्हिस नीट लिहिलेली, आणि मग ऑगस्ट २०२१ : गाडी टो करून आणली, पाणी डॅशबोर्डपर्यंत, दुरुस्तीचा अंदाज दिला, काम केलं नाही. त्यानंतर काही नाही. विकत घेण्याआधी हीच नोंद विकणाऱ्याला काढून आणायला सांगा. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत दिसते. गाडी पुरात होती हे तिथे दिसत नाही.

आरसीवरच्या पत्त्यावरून मूळ मालकांपर्यंत पोचलो. ते खरोखर निवृत्त शिक्षक निघाले. फोनवर आधी त्यांना पटेचना. ‘अहो, ती गाडी संपली होती. विमेवाल्यांनी पैसे दिले, गाडी त्यांच्याच ओळखीचा भंगारवाला घेऊन गेला. त्याने मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, बाकी सगळं कोरं होतं. पुरात घरातलं सगळं गेलेलं, कोण वाचत बसतो?’ ते पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. त्यांची काय चूक होती?

यार्डवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं : जशी आहे तशी घेतलीत, सही तुमची आहे. इथे बरेच लोक गप्प बसतात. बसू नका. वकिलांनी मला भारतीय करार कायद्याचं कलम १७ दाखवलं. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं हीसुद्धा फसवणूकच, आणि अशा फसवणुकीने झालेला करार कलम १९ खाली रद्द करता येतो. ‘जशी आहे तशी’ ही ओळ दिसणाऱ्या ओरखड्यांसाठी ठीक आहे. मीटरमागे तोडून जोडलेल्या वायरीसाठी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मी सर्व्हिस सेंटरची नोंद, इलेक्ट्रिशियनचा लेखी रिपोर्ट आणि प्रत्येक भाग काढतानाचे फोटो जोडून नोटीस पाठवली. हे फोटो फार महत्त्वाचे, म्हणून काहीही खोलण्याआधी मोबाइल हातात घ्या. तक्रार दाखल झाल्यावर यार्डवाला तडजोडीला आला आणि बरीचशी रक्कम परत केली. गाडी मात्र परत घेतो म्हणाला तेव्हा मी नकार दिला. ती पुढच्या दिवाळीनंतर नाशिकला किंवा नागपूरला उभी राहिली असती. ती मी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली आणि आरसी रद्द करून घेतली.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि विक्रीसाठी ताब्यात आलेली गाडी पोर्टलवर कळवावी लागते. यार्डात गेलात की ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथे थांबू नका.

आणि चिपळूण, सांगली, कोल्हापूर, महाड, जिथे जिथे पूर येतो तिथल्या गाडीमालकांना कळकळीची विनंती. गाडी टोटल लॉस झाली तर कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. विमा कंपनीला लेखी विचारा की आरसी रद्द कोण करणार, आणि रद्द झाल्याचा कागद हातात घ्या. नाहीतर तुमच्या नावावरची गाडी कुठेतरी चालत राहते. तिने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलेलं आहे. त्या शिक्षकांनी भंगारवाल्याला गाडी दिली ऑगस्टमध्ये. कागदोपत्री तिचे मालक ते थेट माझं नाव चढेपर्यंत होते.