कळीचा नारद, २,८०० रुपयांत

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा एक तयार डबा मी घेतला, त्याबद्दल सांगायच्या आधी माझी पात्रता सांगते. मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढले. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी बारा ते चार जिन्याखालच्या गार फरशीवर आमचा अड्डा असायचा. झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन, आणि मोठ्यांनी भिडू म्हणून घेतलं तर मेंढीकोट. कुठली दश्शी कुणाकडे अडकली आहे हे तिसऱ्या हातालाच ओळखते, अशी माझी ख्याती होती. तेव्हा 'बाईंना पत्ते जमत नाहीत म्हणून नावं ठेवतात' असं कुणी म्हणू नये.

बँकेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, दर रविवारी आमच्याकडे कोथरूडला जेवायला येतो. एका रविवारी मसालेभात खाता खाता म्हणाला, "मावशी, आमचा एक भिडू बंगलोरला गेला. चौथा हात कमी पडतोय, तू येतेस?" पोरगं 'प्लेयर' म्हणालं असतं तर मी हात धुवायला उठले असते. 'भिडू' म्हणाला, तिथे फसले.

खेळ म्हणजे मॅजिक द गॅदरिंग. हे पत्ते १९९३ साली अमेरिकेत आले, रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितवाल्या माणसाने काढले. त्यातही ही मुलं खेळतात तो 'कमांडर' नावाचा प्रकार, म्हणजे स्पर्धाबिर्धा नाही, चौघांनी घरी बसून खेळायचं. प्रत्येकाचा स्वतःचा १०० पानांचा जोड असतो, त्याला डेक म्हणतात. साध्या जमिनी सोडल्या तर एक पान एकदाच. त्यातलं एक पान म्हणजे तुमचा कमांडर. तो बाहेर, सगळ्यांसमोर, उघडा बसतो, आणि त्याचे जे रंग तेच रंग तुमच्या डेकला चालतात. प्रत्येकाला ४० गुण आयुष्य. ते संपलं की तुम्ही चहा टाकायला मोकळे.

मी घेतला त्या डब्याचं नाव 'केऑस इन्कार्नेट'. हे पत्ते छापणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये नवशिक्यांसाठी असे पाच तयार डेक काढले, प्रत्येक दोन रंगांचा. जुना माल आहे, पण शोधला तर मिळतो. मला ऑनलाइन २,८०० रुपयांना पडला. आत शंभर पानं, खेळताना खुणेसाठी ठेवायची (टोकन) दोन्ही बाजूंनी छापलेली पानं, एक माहितीचा कागद आणि पुठ्ठ्याचा डबा. फोडायचा आणि खेळायला बसायचं. विकत घेण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि हे मला कळायच्या आधी माझे दीड हजार रुपये गेले होते. ते कसे, ते ऐका.

भाच्याला न विचारता मी एका दुकानात गेले. (कुठल्या ते सांगणार नाही, जाता-येता अजून भेट होते.) काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सुरुवातीला हेच घ्या काकू," आणि तीन बूस्टर पाकिटं हातात ठेवली. एका पाकिटात १४ पानं, कुठली ते फोडल्यावरच कळणार. घरी येऊन चष्मा लावून ४२ पानं टेबलावर मांडली. पाच रंगांची खिचडी! एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणजे तीन वेगवेगळ्या साड्यांचे काठ विकत आणले आणि नेसायला पदर नाही. पाकीट फोडण्यात एक लॉटरीची गंमत आहे, ती मला मान्य आहे. पण पाकिटांतून डेक तयार होत नाही. भाच्याने कपाळाला हात लावला आणि मग हा डबा मागवला.

आता डब्यातला माणूस. माझ्या कमांडरचं नाव कार्डर, डूमस्कर्ज. काळा-लाल रंग, चार शिंगं असावीत असा एकंदर चेहरा, किंमत चार मना. (मना म्हणजे जमिनीची पानं आडवी करून मिळणारा पैसा. शंभरातली तिसाहून जास्त पानं नुसती जमीन असते. हे पहिल्यांदा बघून मला वाटलं, कंपनीने भरती केली आहे. तसं नाही, ती कमी असली की उपाशी मरायला होतं.) कार्डर खाली आला की काय होतं? तुमची पुढची पाळी येईपर्यंत बाकी तिघांच्या प्राण्यांना (म्हणजे लढणाऱ्या पानांना) हल्ला करावाच लागतो, आणि तोही तुम्हाला सोडून दुसऱ्या कुणावर. त्या मारामारीत हल्ला करणारा प्राणी मेला, की तिघांचा एकेक गुण जातो आणि तुम्हाला एक मिळतो.

म्हणजे हा नारद आहे! नुसती कळ लावून थांबत नाही, भांडणावर दलालीसुद्धा खातो. बँकेत तीस वर्षं शाखाशाखांमधलं राजकारण बघितलेल्या बाईला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

पहिला खरा डाव आमच्या डायनिंग टेबलावर झाला. भाचा ड्रॅगनवाला, अटार्का नावाची कमांडर घेऊन. त्याचा खोलीतला मित्र हिरवा-पांढरा, छोट्या शिपायांची टोळी जमवणारा. ऑफिसातली एक मुलगी निळा-काळा डेक घेऊन, तिची भुतं ग्रेव्हयार्डातून परत परत उठतात. मेलेली पानं जिथे जातात त्याला ही पोरं ग्रेव्हयार्ड म्हणत होती. मी एकदा चुकून 'वैकुंठ' (आमच्या पुण्याचं स्मशान) म्हटलं, आता सगळे वैकुंठच म्हणतात. "मावशी, तुमचं वैकुंठ दाखवा," असं त्या मुलीने आमच्या ह्यांच्यादेखत म्हटलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहिला तासभर मी फक्त पानं वाचत होते. खरंच वाचत होते, कारण प्रत्येक पानावर परिच्छेद छापलेला असतो, आणि तोही मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरात. ही माझी या मालाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. पंचावन्नच्या पुढच्या माणसाने स्क्रायफॉल नावाची साइट फोनवर उघडून ठेवावी, पानाचं नाव टाकलं की मजकूर मोठा करून वाचता येतो. भाच्याने हे मला तिसऱ्या रविवारी सांगितलं.

मग सातव्या-आठव्या फेरीला भाच्याची अटार्का उतरली. सात मनाची, ताकद सहा, उडणारी. तिच्यामुळे हल्ला करणारा ड्रॅगन दुप्पट वार करतो, म्हणजे एका हल्ल्यात १२. पुढच्या पाळीला त्याने तो हल्ला भुतंवाल्या मुलीवर केला, तिच्याकडे उडणारं काही नव्हतं. नंतर माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, पुढची तू." मी गप्प बसले. माझी पाळी आली, चार जमिनी आडव्या केल्या, नारद खाली ठेवला. आता त्याला हल्ला करणं भाग, आणि माझ्यावर करता येईना. शिपायांच्या टोळीवर जाऊन काय मिळणार? गेला परत त्याच मुलीवर. आणखी १२. तिची वहीतली बेरीज अजून १६ दाखवत होती, तरी ती बाद! कारण एकाच कमांडरच्या हातून मारामारीत २१ खाल्ले की आयुष्य कितीही उरलेलं असो, खेळ खलास. हा नियम मला त्या क्षणी कळला, आणि मेंढीकोटात चारही दश्श्या जिंकल्यावर व्हायचा तसा आनंद झाला. कुणाचीच दश्शी न घेता.

डाव जिंकले नाही. शिपाईवाल्याने शेवटी सगळ्यांना चिरडलं. नारदाला दोनदा मारलं, दोनदा परत आणला. कमांडर मेला तरी परत बोलावता येतो, पण दरवेळी दोन मना जास्त: चार, मग सहा, मग आठ. रात्री बारानंतर स्टेशनवरून कोथरूडला येणाऱ्या रिक्षासारखं, येतो म्हणतो पण भाडं वाढवूनच.

मेंढीकोटशी तुलना होणारच, तर करते. मेंढीकोटात बोलणं म्हणजे खाणाखुणा, म्हणजे लबाडी. इथे बोलणं हाच निम्मा खेळ. "त्याच्याकडे बघ, त्याच्या सात जमिनी झाल्यात, मला काय मारतेस?" हे उघड म्हणायचं असतं. पहिल्याच फेरीत माझ्या हातात सोल रिंग आली. हे पान एक मना घेतं आणि दर पाळीला दोन देतं, या डेकमध्ये ते असतंच. मी कौतुकाने खाली ठेवलं आणि तिघांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. लग्नात आहेराचं पाकीट जाड दिसावं तसं. आता सोल रिंग आली तर मी तोंड पाडून ठेवते. डब्यातला कागद पानं कशी वापरावी हे सांगतो, पण टेबलावर कसं बसावं याबद्दल त्यात एक ओळ नाही. हे नवशिक्याने बाहेरूनच शिकायचं.

मी कसं शिकले ते सांगते. दोन महिन्यांनी आम्ही बाणेरच्या बाजूला एका बोर्ड गेम कॅफेत गेलो. माणशी दीडशे रुपये, कोल्ड कॉफीचे वेगळे. मी दुसऱ्या टेबलावर अनोळखी तिघांत बसले. पाचव्या फेरीत एका गृहस्थांनी दोन पानं शेजारी ठेवली आणि म्हणाले, "हे आता अनंत वेळा होतं. संपलं." मी अजून माझी चौथी जमीन शोधत होते. नारद बाहेरच बसून राहिला. माणूस वाईट नव्हता, मी विचारलंच नव्हतं. कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला डेकच्या ताकदीच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. माझ्यासारखा साधा डेक साधारण दुसऱ्या पायरीवर बसतो, आणि तिथे असली दोन पानांची अनंत जोडी अपेक्षित नसते. आता मी बसायच्या आधीच जाहीर करते: "माझा डबा जसा आला तसाच आहे, दुसरी पायरी, चालेल का?" नाही म्हणाले तर कॉफी पिऊन उठते. आजवर दोनच जण नाही म्हणाले.

जाता जाता, हा प्रकार मुळात कंपनीने काढलेला नाही. अलास्कातल्या मित्रांनी सुरू केला, शेल्डन मेनेरी नावाच्या पंचाने तो जगभर पोचवला, आणि कंपनीने तयार डेक विकायला सुरुवात केली ती २०११ मध्ये. नियम खेळाडूंची एक स्वतंत्र समिती बघायची. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने काही महागड्या पानांवर बंदी घातली, लोकांनी सदस्यांना धमक्या दिल्या, आणि समितीने कारभार कंपनीकडे सोपवून हात झटकले. भाच्याला हे भयंकर वाटलं. मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या मीटिंगला तीनदा बसले आहे, मला काही विशेष वाटलं नाही.

खर्चाचा हिशोब. डबा २,८००. वर पानांना कव्हरं हवीतच, कारण पुण्याच्या जुलैत कोरी पानं पापडासारखी वाकतात आणि १०० पानं पिसताना कडा झिजतात. मी आधी अप्पा बळवंत चौकातून ओळखपत्राची प्लास्टिकची पाकिटं आणली, स्वस्तात. पत्त्यांचा आकार नेहमीचाच, ६३ बाय ८८ मिलिमीटर, त्यामुळे बसली बरोबर. पण पिसताना एकमेकांवरून घसरेनात, खालून अर्धी पानं सुटली. मग रीतसर जाड कव्हरं घेतली, साडेचारशे. ती घातल्यावर पानं डब्यात मावेनात. सध्या माझा डेक बाकरवडीच्या पुठ्ठ्याच्या डब्यात राहतो, आणि त्याला किंचित बडीशेपेचा वास येतो.

दोष अजून दोन. एक, हा डेक हळू आहे. कार्डर यायच्या आधी तीन-चार फेऱ्या विशेष काही घडत नाही, आणि बाकीच्यांनी प्राणीच उतरवले नसतील तर नारद तरी कुणात भांडण लावणार? दोन, डब्यावर 'नवशिक्यांसाठी' असा आव आहे, पण कागद असं धरून चालतो की मॅजिक तुम्हाला आधीच येतं. एकट्याने डबा फोडून वाचून शिकाल, हे विसरा. शेजारी एक येणारा माणूस हवाच. पहिली सात पानं आवडली नाहीत तर एकदा फुकट बदलून मिळतात, एवढी साधी सवलतसुद्धा मला भाच्याने सांगितली, आणि तीही मी दोन जमिनींवर अख्खा डाव रडत काढल्यावर.

सुधारणा म्हणून आत्ता पानं बदलू नका. मला पण खाज सुटली होती, त्या ४२ पानांतली दोन-तीन लाल-काळी निघत होती. भाचा म्हणाला, दहा डाव खेळ, मग कुठलं पान हातात आलं की कंटाळा येतो ते लिहून काढ. मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली आहे. आतापर्यंत त्यात चार नावं आहेत, आणि त्यातलं एक मी परवा खोडलं, कारण त्याच पानाने मला जिंकवलं.

आमचे हे पाचव्या रविवारी खुर्ची ओढून बसले. जन्मभर ब्रिज खेळलेला माणूस, अर्धा तास बघितलं आणि विचारलं, "पण यात हुकूम कुठला?" त्या भुतंवाल्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं. आता ह्यांना पाचातला उरलेला निळा-पांढरा डबा हवा आहे, पण तो मला अजून कुठे सापडलेला नाही.